कणकेत उतरलेलं विष

त्या रविवारी आक-तेरेक गावातल्या मायरमच्या दारातला बुटांचा ढीग थेट कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोचला होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आर्चा झाडाच्या काड्यांची धुरी खोलीत कोंडली होती, पोरं खोकत होती, बायका डोळे पुसत होत्या, आणि त्या भक्तीनंच रडताहेत असं समजून उमसुनाय-एजे समाधानानं मान डोलवत होती.

उमसुनाय जिल्ह्याच्या गावाहून आली होती. डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, बोटाबोटांत चांदीच्या अंगठ्या, आणि समोर मायरमची सगळ्यात मोठी परात. परातीत गरम पाण्यात भिजवलेल्या कणकेचा गोळा. पोरांच्या अंगात सुईनं घातलेलं विष ती या कणकेनं ओढून काढायची. तिची मेलेली आजी म्हणे पांढऱ्या सांडणीवर बसून स्वप्नात आली आणि ही विद्या देऊन गेली. सांडणीला थांबायला वेळ नव्हता, म्हणून विद्या थोडक्यातच सांगितली.

"मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे," उमसुनाय सांगत होती. "पण त्यांना बोलू देत नाहीत. मी अडाणी बाई, मला कोण गप्प करणार?"

ते मात्र खरं होतं. सकाळपासून तिला कुणी गप्प करू शकलं नव्हतं.

झिपार भिंतीला टेकून उभी होती. कडेवर दहा महिन्यांची सेझिम, बोटाला सहा वर्षांचा तिलेक. पुढे, अगदी परातीला गुडघा लावून, तिच्या सासूबाई, बुरुल-अपा. शाळेत घालायच्या आधीची लस तिलेकला गेल्याच महिन्यात टोचली होती, आणि हात दुखतो म्हणून तो दोन दिवस घरभर मिरवला होता. तेवढं बुरुल-अपांना पुरलं.

"आण त्याला," उमसुनाय म्हणाली. "जाळी काढली होती का?"

"तीन संध्याकाळी काढली, तुम्ही सांगितलं तशी," बुरुल-अपा म्हणाल्या. "कालची तर अजून ओली वाटतेय."

तिलेकची बाही वर सरकवली. दंडावर आयोडीनच्या तपकिरी रेघांची जाळी होती, उभ्या-आडव्या, गणिताच्या कागदासारखी. त्यात नवल काहीच नव्हतं. त्या मुलखात खोकला झाला की पाठीवर जाळी, मुरगळलं की घोट्यावर जाळी, सुई टोचली की सुईच्या जागी जाळी. आजीनं आईला काढली, आईनं लेकीला. घरात साखर नसली तर शेजारून आणतील, पण आयोडीनची बाटली नाही असं घर सापडायचं नाही.

"जाळं टाकल्याशिवाय मासा सापडतो का?" उमसुनाय सगळ्यांना म्हणाली. "तसंच विषाचं. तीन दिवस जाळं लावायचं, विष वर येऊन अडकतं, मग मी ओढते. आणि ज्या मुलाला सुई लागलीच नाही त्याला जाळं कशाला? जिथं मासाच नाही तिथं कोण जाळं टाकतं?"

तिनं कणकेचा गोळा तिलेकच्या दंडावर ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि गोल गोल चोळू लागली. तिलेकला गुदगुल्या झाल्या. मग तिनं हात उचलला आणि गोळा उलटा करून धरला.

कणीक काळी पडली होती. नुसती मळकी नाही, निळसर काळी, वादळाच्या ढगासारखी.

बुरुल-अपांनी तोंडावर हात ठेवला. तिलेकनं वाकून बघितलं आणि मोठ्या अभिमानानं विचारलं, "हे सगळं माझ्यात होतं?"

त्यानंतर मायरमचा बायेल, एक वर्षाचा. त्याला अजून एकही सुई लागली नव्हती. गोळा चोळला, उचलला, तर जशीच्या तशी पांढरी कणीक. सेझिमचंही तेच. कावीळ आणि क्षयाच्या लशी तिला जन्मतःच दवाखान्यात टोचल्या होत्या, पण ते घरात कुणाच्या लक्षात नव्हतं आणि कणकेच्याही लक्षात आलं नाही.

"झऱ्याचं पाणी आहे हे," उमसुनाय बायेलच्या गालाला हात लावून म्हणाली. "याला सुईला शिवू देऊ नका."

मायरमनं बायेलला असं काही छातीशी धरलं, जणू त्याला शर्यतीत पहिला नंबर मिळाला होता.

*

घरी आल्यावर बुरुल-अपांनी चहा ओतला, नानचा तुकडा मोडला आणि निकाल दिला. "केलिन," त्या सुनेला म्हणाल्या, "सेझिमला गोवराची सुई टोचायची नाही."

"अपा, खालच्या गावात गोवर आलाय. दवाखान्यातल्या चिनारा-एजे दर गुरुवारी लस देतात. आता दहा महिन्यांच्या मुलांनाही देताहेत, साथ आहे म्हणून."

"तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना?"

बघितलं होतं. अडचण तीच होती. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर झिपार हसली असती. पण ते काळं तिनं स्वतः पाहिलं होतं, आपल्या पोराच्या दंडावरून उतरलेलं. रात्री दूध पाजताना सेझिमचा हात तिच्या गळ्याशी यायचा, मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी पडलेला. तो इवलासा दंड ती अंगठ्यानं कुरवाळत राहायची. टोचलं तर? नाही टोचलं तर?

नवरा मॉस्कोला बांधकामावर होता. त्यानं फोनवर निरोप पाठवला: "आई म्हणते तसं कर. आणि तुला पटेल तसंही कर." तो लहानपणापासून असाच होता, असं बुरुल-अपा कौतुकानं सांगत.

झिपार दवाखान्यात गेली. चिनारा-एजे खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं टरफलं कागदात गुंडाळली.

"कणीक का काळी पडली ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी काही कणकेची डॉक्टर नाही. लशीचं विचार."

"काही होत नाही का मग लशीनं?"

"होतं की. सुई टोचली की रडतात. आठवड्यानं काहींना ताप येतो, थोडं पुरळ उठतं, दोन दिवसांत जातं. हजारोंत एखाद्या पोराला ताप चढून झटका येतो. आई घाबरते, पण पोर बरं होतं. दहा लाखांत एखाद्याला जोरात रिअ‍ॅक्शन येते. म्हणून तर मी टोचल्यावर अर्धा तास तुम्हाला इथं बसवते आणि तुमच्या गप्पा ऐकते. त्यावरचं औषध त्या कपाटात असतं."

"आणि गोवर?"

"गोवर झालेलं पोर खोकून खोलीतून निघून गेलं, तरी दोन तास त्या हवेत गोवर राहतो. लस नसलेली दहा पोरं त्या खोलीत आली तर नऊ घेऊन जातात. विसातल्या एकाला न्यूमोनिया. कुणाचा कान जातो. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. आणि हजारात एक-दोन, कधी तीन, घरी येत नाहीत." तिनं खिडकीतून नदीकडे बोट केलं. "नदीवर पूल आहे ना आपल्या? फळी करकरते. एखादे वेळी हातात कुसळ जातं. म्हणून तू जूनमध्ये, वरचं बर्फ वितळत असताना, सेझिमला पाठीला बांधून पाण्यातून जाशील का?"

झिपारनं मान हलवली.

"दोन्हीकडे भीती आहे, हे मी कबूल करते. पण दोन्ही भीती एका मापाच्या नाहीत. तू आई आहेस. घेऊन ये, मी टोचते."

"मला त्या घरात राहायचंय, एजे. चोरून टोचलं आणि आठवड्यानं ताप आला, की अपा म्हणतील, बघ. आणि खरं सांगू? ती काळी कणीक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही."

*

उमसुनायला गावात येऊन पंधरवडा झाला असेल, तेव्हा बायेल तापला. डोळे लाल, नाक वाहतंय, मग कानामागून पुरळ सुरू झालं ते पोटापर्यंत उतरलं.

"आतली घाण बाहेर पडतेय," उमसुनाय म्हणाली. "चांगलं लक्षण आहे."

दोन दिवसांनी त्या चांगल्या लक्षणाला श्वास घेता येईना. मायरम अनवाणी पळत चिनाराकडे गेली. छपरावरचा भोंगा वाजवत दवाखान्याची गाडी बायेलला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे गेली, तेव्हा उमसुनायनं दुसरं कारण काढलं: बायेलच्या थोरल्या भावाला टोचलेलं विष धाकट्यावर उडालं.

"कणीक पांढरी होती ना त्याची?" झिपारनं विचारलं.

"विष मागाहून आलं."

"कुठून?"

"अगं, ऊर्जा आहे ती. तिला दार-खिडकी लागते का?"

चिनारानं मात्र झिपारला एकच प्रश्न विचारला: सेझिम त्या घरात शेवटची कधी गेली होती? त्या रविवारनंतर गेलीच नव्हती. "मग देव पावला," चिनारा म्हणाली. "आता लस या गुरुवारच्या पुढे जाऊ देऊ नकोस."

मायरमच्या घरात आजारपण, तेव्हा एवढ्या मोठ्या बाईला ठेवायचं कुठे, असा गावाला प्रश्न पडला. बुरुल-अपांनी तो तत्काळ सोडवला. उमसुनाय आपल्या परातीसकट, म्हणजे मायरमच्या परातीसकट, झिपारच्या बैठकीच्या खोलीत आली. बुधवारी सगळ्या बायकांना बोलावणं गेलं. झिपारनं कणकेचे फुगीर बोरसोक तळायचे होते.

मंगळवारी दुपारी ती कांदा चिरत होती. सेझिम पायाशी बसून पळीनं जमीन बडवत होती. मधेच ती पळी तोंडात घालून आईकडे बघून अशी हसली, की झिपारची सुरी अंगठ्यावर आली. फार नाही कापलं. सवयीनं तिनं कपाटातून बाटली काढली, अंगठ्याला आयोडीन फासलं, फुंकर घातली आणि उद्याच्या बोरसोकांची कणीक मळायला घेतली.

मळता मळता ती थांबली.

पांढऱ्या कणकेत तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. निळसर काळा. वादळाच्या ढगासारखा.

झिपारनं अंगठा ठशाशेजारी धरून बघितला. मग स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "माझ्या अंगठ्याला लस कुणी टोचली?"

सेझिमनं पळी आपटून संमती दिली.

मग झिपारनं चहाच्या बशीवर आयोडीनचा थेंब टाकून कणीक लावली. काळी. लाटण्यावर रेघ ओढली. काळी. दाराच्या कडीवर, तिलेकच्या रबरी बुटावर, लोखंडी डब्याच्या झाकणावर. तासाभरात घरातल्या निम्म्या वस्तूंना लस टोचलेली निघाली. जिथं आयोडीन लावलं नव्हतं, तिथं कणीक पांढरीच्या पांढरी. आणि एकदम तिला शाळेतले रसायनाचे मास्तर आठवले. पावाच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकून निळा झालेला पाव वर्गभर फिरवणारे. पिठातलं पिष्ट आयोडीनला भेटलं की निळं-काळं होतं. मास्तरांनी शिकवलं होतं, परीक्षेत गुण मिळाले होते, आणि ते घरच्या परातीत कधी दिसेल असं वर्गातल्या एकीलाही वाटलं नव्हतं.

सुई लागलेल्यांना जाळी. सुई न लागलेल्यांना जाळी नाही. बाईनं युक्ती तोंडानं सांगितली होती, भर खोलीत, माशाचं उदाहरण देऊन.

ती चिनाराकडे धावली. चिनारानं स्वतः आयोडीन लावून, स्वतः कणीक लावून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "आणि सुई टोचल्यावर जाळी काढा, असं मीसुद्धा सांगते की गं बायकांना. त्या जाळीनं काही होत नाही हे ठाऊक असून सांगते. आयांना बरं वाटतं म्हणून."

"उद्या येता का आमच्याकडे चहाला?" झिपार म्हणाली.

*

बुधवारी खोली भरली. धुरी पेटली. उमसुनायनं दोन-तीन पोरं उरकली आणि बोरसोकांचा एक वाडगाही. तेवढ्यात झिपार आतल्या खोलीतून बेशिक घेऊन आली. लाकडी पाळणा, वरच्या दांडीवरून दोन्ही बाजूंनी सोडलेली जाड नक्षीदार कापडं, आत काही दिसू नये अशी. बाळाच्या पाळण्याचं कापड परक्या माणसानं उचलायचं नसतं, नजर लागते. हे गावात तान्ह्या मुलालाही माहीत. पाळणा तिनं अगदी अलगद टेकवला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. यावर तिचा विश्वास नव्हता, पण हलवलाही नाही. उगाच कशाला.

"एजे," ती खाली मान घालून म्हणाली, "माझी चूक झाली. मी सेझिमला गुपचूप टोचून आणलं. जाळी काढलीय. विष काढाल का?"

कुणीतरी कप खाली ठेवला. बुरुल-अपा सुनेकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर झिपारला सोपं गेलं असतं. पण त्यांचा चेहरा नुसता उतरला.

"मला विचारलंही नाहीस," त्या हळूच म्हणाल्या.

झिपारनं मान वर केली. क्षणभर वाटलं, आत्ताच सगळं सांगून टाकावं. पण उमसुनाय बाह्या सावरत पुढे सरकली होती.

"रागावू नका, बुरुल-अपा. पोरवयात चुका होतात. मी आहे ना." तिनं कापडाखालून हात आत घातला. तिच्या बोटांना बाळाच्या झबल्याची बाही लागली, बाहीतून डोकावणारं मऊ, गरम काहीतरी लागलं. "अरे अरे अरे. अंग बघा किती तापलंय. विष उकळतंय आत. गुटगुटीत आहे पोर, म्हणून टिकली."

"वाचेल ना?" झिपारनं विचारलं.

"माझ्या हातात आलीय ना? वाचेल. बघा, कशी शांत झाली माझा हात लागल्यावर. आईच्या हातानं कधी झाली होती एवढी?"

कणीक आत गेली. पुटपुटणं झालं, चोळणं झालं. हात बाहेर आला. गोळा काळाकुट्ट.

"एक सुई नाही ही," उमसुनाय गंभीरपणे म्हणाली. "दोन सुया आहेत. दवाखान्यानं तुला फसवलंय."

"दोन?" दारातून चिनारा म्हणाली. तिच्या कडेवर सेझिम होती, अंगठा चोखत, झोपेतून नुकती उठलेली, आणि हा सगळा गोतावळा आपल्यासाठी जमलाय अशी खात्री असलेली. तिच्या दंडाला अजून ना गोवराची सुई लागली होती, ना आयोडीन.

बायकांनी सेझिमकडे पाहिलं. मग पाळण्याकडे पाहिलं. झिपारनं कापड बाजूला केलं. आत सेझिमचं पिवळं झबलं होतं, आणि त्याच्या बाहीत कोंबलेली शेकायची रबरी पिशवी, गरम पाण्यानं भरलेली. तिच्यावर आयोडीनची जाळी.

एकीनं वाकून पिशवीला बोट लावून बघितलं. मग कोपऱ्यातली एक म्हातारी फिसकन हसली, आणि तिनं शेजारणीच्या खांद्याआड तोंड लपवलं.

"शांत झाली खरी," चिनारा म्हणाली.

उमसुनायनं मात्र हार मानली नाही. "रबरातही विष असतं," ती म्हणाली. "कारखान्यातलं. ते कणकेनं ओढलं. मग? खोटं काय आहे त्यात?"

दोन-तीन माना हलल्यासुद्धा. रबराचं काय सांगावं.

तेव्हा बुरुल-अपा उठल्या. आयुष्यभर त्या जाळ्या काढत आल्या होत्या. गावात त्यांच्याइतक्या सरळ रेघा कुणाच्या नव्हत्या, आणि ते त्यांना ठाऊक होतं. परातीतून ताज्या कणकेचा गोळा तोडून त्या मधोमध बसल्या आणि घागरा गुडघ्यापर्यंत वर घेतला. दुखऱ्या गुडघ्यावर काल संध्याकाळीच काढलेली जाळी होती. त्यांनी गोळा त्यावर ठेवला. चोळला नाही. नुसता दाबून धरला, मग उचलला आणि उजेडात नेला.

कणकेवर जाळी उमटली होती. चौकोनाशेजारी चौकोन, रेघ न् रेघ. एका कोपऱ्यात रेघ जरा वाकडी गेली होती, तीही तशीच.

"तेव्हा दूध उतू चाललं होतं," बुरुल-अपा त्या रेघेकडे बघून म्हणाल्या. मग उमसुनायकडे वळल्या. "माझ्या गुडघ्याला कुणी लस टोचली, बाई?"

"अपा, वयानं विष..."

"आणि विष असं आखून-रेखून येतं? पट्टी घेऊन? म्हणून तू चोळतेस होय. रेघा पुसून जाव्यात म्हणून."

उमसुनायनं रुमाल सारखा केला. मग झिपारनं बशी आणली, आयोडीन आणलं, आणि जिला हवं तिनं स्वतःच्या हातानं करून पाहिलं. कुणी चमच्याला लस असल्याचं सिद्ध केलं, कुणी किटलीला. तिलेकनं मांजर आणलं, पण ते पळालं. चिनारानं पिठाचं आणि आयोडीनचं सांगितलं तेव्हा ऐकायला सगळ्यांना वेळ होता, कारण हात कणकेत होते.

"आमची सुई लागलेली सगळी पोरं जाळीनिशी तुझ्याकडे आली," एक बाई म्हणाली, "ती तूच काढायला लावली म्हणून."

"आजीनं स्वप्नात सांगितलं होतं," उमसुनाय म्हणाली, पण आवाज सांडणीवरून उतरला होता. दुपारच्या गाडीला ती गेली. वरच्या खोऱ्यात तिला म्हणे बोलावणं होतं. परात ठेवून गेली.

पाहुण्या गेल्यावर झिपार सासूबाईंसमोर जाऊन बसली. "अपा, मी टोचलं नव्हतं. सगळ्यांसमोर खोटं बोलले."

"ते कळलं," बुरुल-अपा म्हणाल्या. त्या डाव्या दंडावरची बाही वर करत होत्या. तिथं लहानपणी देवी टोचल्याचा जुना वण होता, रुपयाएवढा, खोलगट. "हे बघ. तीन-चार वर्षांची असेन. आई डोंगरावरून आम्हाला घेऊन खाली उतरली होती, या सुईसाठी. हिनं देवीची भीती गेली. गोवराची सुई तेव्हा निघालीच नव्हती. माझी धाकटी बहीण गोवरानं गेली. तिचं नावही आता घरात कुणी घेत नाही, गुलबारा होतं." त्यांनी बाही खाली ओढली. "आणि मी त्या परातीपुढे बसून कणकेला घाबरत होते."

*

गुरुवारी सकाळी दवाखान्यासमोर रांग होती. बुरुल-अपा सेझिमला मांडीवर घेऊन स्वतः बसल्या. सुई लागली, सेझिमनं श्वास रोखला, आणि मग असा टाहो फोडला की बाहेरच्या घोड्यानं कान टवकारले. अर्धा तास त्या बसून राहिल्या आणि चिनाराला गुडघेदुखीबद्दल सविस्तर सांगितलं. चिनारानं सगळं ऐकून घेतलं.

निघताना अपांनी सवयीनं खिशातली बाटली काढली, बूच उघडलं, नातीच्या इवल्या दंडाकडे पाहिलं. मग बूच पुन्हा लावलं.

आठवड्यानं सेझिमला ताप आला, सांगितला होता तसा. झिपार तिला छातीशी घेऊन बसली, अपा दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावत राहिल्या. दुसऱ्या दिवशी गळ्यावर चार ठिपके उठले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पळी मागितली.

बायेल महिन्याअखेरीस घरी आला. त्याला उचलून घेतलं तर नुसते कपडे उचलल्यासारखं वाटायचं. एका कानानं त्याला ऐकू येतं की नाही ते तपासायला पुन्हा जिल्ह्याला न्यायचं होतं. झिपार बोरसोक घेऊन गेली, परातही परत द्यायची होती. मायरमनं परात घेतली आणि तिच्या चकचकीत तळाकडे बघत राहिली.

"त्याची कणीक पांढरी होती गं," ती म्हणाली.

झिपार मायरमशेजारी बसली आणि बायेलचा थंडगार पाय आपल्या हातात धरून ठेवला. मायरमवर काय रागवायचं? तीही पोराच्या दंडाकडे बघूनच घाबरली होती. आई घाबरतेच. त्या भीतीवर कुणी पोट भरू पाहत असेल, तर मात्र त्याला एकदा थांबवून विचारायला हवं: हे माझ्या हातानं करून बघू का? खरं असेल तर माझ्या हातानंही तसंच होईल. आणि सुईची भीती वाटलीच, तर तिच्याशेजारी आजाराची भीतीही ठेवून बघावी, दोन्हींना एकाच तराजूत घालून. कणीक काही सांगत नाही. तिच्यावर जे लावाल तेच उमटतं.

बुरुल-अपा अजूनही संध्याकाळी गुडघ्यावर जाळी काढतात. त्यानं काही होत नाही, हे त्यांना आता चिनाराहून चांगलं माहीत आहे. पण हात स्वच्छ धुतल्याशिवाय त्या कणकेला शिवत नाहीत, आणि कुणी का विचारलं, की म्हणतात, "नको बाई. बोरसोकांना लस टोचली जाते."